आईला गोळी नको, कारण येशूनेही ती नाकारली होती

पत्र थोडक्यात असं: वसई तालुक्यातल्या एका गावातल्या कॅथलिक बाई लिहितात. वय ४४. आई ७१ वर्षांची, स्तनाचा कर्करोग आता मणक्यात आणि मांडीच्या हाडात उतरलेला. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात, आई त्या घेत नाही. उपवासकाळात तिने ठरवलं की ही वेदना येशूच्या वेदनेला जोडून अर्पण करायची. ईस्टर होऊन गेला तरी निश्चय हललेला नाही. 'क्रूसावर त्यालाही गुंगीचा द्राक्षारस देऊ केला होता, त्याने तोंड फिरवलं,' असं ती सांगते. रात्री कूस बदलताना तोंडात टॉवेलचा बोळा धरते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. भाऊ कुवेतला. तो फोनवर म्हणतो, 'मम्मीला तिचं पुण्य कमवू दे, तू मध्ये पडू नकोस.' बाईंनी विचारलंय, गोळी कुटून पेजेत घालून दिली तर चालेल का? आणि पत्राच्या तळाशी, घाईघाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे: 'माणसाच्या कण्हण्याने जो देव खूश होतो त्याच्यासमोर मला आता मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) उभं राहवत नाही. त्या क्रूसाचा अर्थ तरी काय?'

ताई,

पेजेचं आधी बोलू, कारण तो आज रात्रीचा प्रश्न आहे. नका घालू.

मॉर्फिनच्या गोळ्या दोन प्रकारच्या येतात. एक साधी, दर चार तासांनी घ्यायची. दुसरी बारा तास हळूहळू औषध सोडत राहणारी. ही दुसरी कुटली तर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं, आणि ज्याने ते आधी कधी घेतलेलं नाही अशा अशक्त माणसाचा श्वास त्याने मंदावू शकतो. तुमच्याकडे कुठली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कुठलीही असली तरी माझं उत्तर तेच राहील. आईच्या हातात आता काय उरलंय ते बघा. उठणं-बसणं तुमच्या आधाराने, आंघोळ तुमच्या हातून, दिवा कधी मालवायचा तेही तुमच्यावर. काय गिळायचं आणि काय नाही, एवढीच तिची सत्ता शिल्लक आहे. ती फसवून काढून घेतली आणि तिला कळलं, तर उद्यापासून ती तुमच्या हातचं पाणीसुद्धा वास घेऊन पिईल. आणि कळणारच. मॉर्फिन कडू असतं, आणि जन्मभर पेज रांधलेल्या बाईला पेजेत काय पडलंय ते पहिल्या घासाला समजतं.

हे विचारलंत म्हणून मनाला लावून घेऊ नका. कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम मी बरीच वर्षं करते, आणि हा प्रश्न मला कुजबुजत विचारणाऱ्या लेकी, सुना, नवरे पुष्कळ भेटलेत.

आता त्या तळाच्या ओळीकडे येते. मी धर्मगुरू नाही. नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातली आहे. आमच्या चर्चमध्ये क्रूस रिकामा असतो, दोन लाकडं आणि बास. तुमच्याकडे त्यावर येशूचं शरीर असतं, खिळ्यांसकट, काट्यांच्या मुकुटासकट. सात-आठ वर्षांची असताना वसईला एका मैत्रिणीच्या घरी गेले होते, तेव्हा ओसरीवरच्या भिंतीवरचा तो क्रूस बघून मी तिच्या आजीला विचारलं होतं, 'याला अजून खाली का नाही उतरवलं?' आजी हसली नाही. म्हणाली, 'उतरवतात बाळा, तेराव्या ठिकाणी उतरवतात.' 'क्रूसाची वाट' म्हणजे येशूचा शेवटचा प्रवास चौदा स्थानांत आठवण्याची प्रार्थना. तिच्यातलं तेरावं स्थान ती सांगत होती, हे मला फार उशिरा कळलं. तुमचं पत्र वाचताना ती आजी आठवली. तुमची आई बाराव्या स्थानाशी, येशू क्रूसावर मरतो तिथे, थांबलीय, असं मला वाटतं. आणि तुम्हीही.

तुमच्या आईने सांगितलेली गोष्ट खरी आहे, हे आधी मान्य करू. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे: गंधरस मिसळलेला द्राक्षारस त्याला देऊ केला, त्याने घेतला नाही. का नाही घेतला, ते मार्क सांगत नाही. शुद्धीत राहायचं होतं म्हणून, असं परंपरा समजते. पण हा पहिला पेला झाला. योहानच्या एकोणिसाव्या अध्यायात दुसरा आहे. शेवट जवळ आल्यावर येशू म्हणतो, 'मला तहान लागली आहे.' कुणीतरी आंबलेल्या द्राक्षारसात स्पंज बुडवून त्याच्या तोंडाशी धरतो. तो घेतो. मगच 'पूर्ण झालं' म्हणतो आणि मान टाकतो. म्हणजे एका दुपारी त्याने एक पेला नाकारला आणि एक मागून घेतला. आईला पहिला पाठ आहे. दुसरा तिने गुड फ्रायडेला दर वर्षी ऐकलेला असणार, कारण त्या दिवशी योहानचीच दुःखसहनाची कथा वाचतात.

त्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो काय मागतो? शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळू दे. घामाघूम होऊन मागतो. ज्याला वेदना हवीच असते तो असं मागत नाही. आणि क्रूसावर तो मुकाट राहिला, असंही नाही. मार्क आणि मत्तय दोघेही सांगतात की तो मोठ्याने ओरडला: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' बाविसाव्या स्तोत्राची ती पहिली ओळ आहे. तुमची आई तोंडात बोळा धरते. येशूने धरला नाही. गोळीचं काय व्हायचं ते होवो, निदान एवढं तिला सांगा की ओरडायची मुभा आहे, त्याने अर्पण कमी होत नाही.

मग क्रूसाआधी येशू गावोगाव फिरला त्या तीन वर्षांकडे बघा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई, बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं पडून असलेला माणूस, पेत्राची तापाने फणफणलेली सासू. यातल्या एकालाही तो म्हणाला नाही, की हे सोस आणि मला अर्पण कर. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? त्याने तो हिशेबच मोडीत काढला: याचंही नाही, त्यांचंही नाही. आजार दिसला की तो बरा करायचा. क्रूस त्याच्या वाट्याला आला तो आजार म्हणून आला नाही. रोमन सत्तेने दासांना आणि बंडखोरांना द्यायची ती शिक्षा होती, माणसांनी माणसावर केलेला अन्याय होता. 'आपला क्रूस उचलून माझ्यामागे या,' असं तो म्हणाला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्याकडेला टांगलेली माणसं होती, हाडातली गाठ नव्हती. खऱ्याची बाजू घ्याल तर हे भोगावं लागेल, असा त्याचा रोख. आजारपणालाही क्रूस म्हणण्याची पद्धत पुढे पडली. ती चूक आहे असं मी म्हणणार नाही, कितीतरी लोकांना तिने शेवटपर्यंत धरून ठेवलंय. पण मूळ वाक्याने औषधाला मनाई केलेली नाही.

आता अर्थ. क्रूसाने माणसाचं तारण नेमकं कसं होतं, यावर ख्रिस्ती लोकांचं दोन हजार वर्षांत एकमत झालेलं नाही, हे ऐकून तुम्हाला जरा हायसं वाटेल. 'आमच्यासाठी तो क्रूसावर खिळला गेला' एवढंच आपण श्रद्धेच्या कबुलीत म्हणतो, 'कसं' ते तिथे लिहिलेलं नाही. पहिल्या काही शतकांतले लोक त्याला मरणावरचा विजय म्हणत. तुरुंगाचं दार आतून फोडणारा राजा, असं त्यांचं चित्र. १०९८च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म यांनी वेगळी मांडणी केली: माणसाने देवाचा मान मोडला, हे देणं माणसाला फेडता येण्यासारखं नाही, म्हणून देवच माणूस होऊन ते फेडतो. तो काळ सरंजामदारांचा होता, मान आणि भरपाई ही रोजची भाषा होती. काही दशकांनी पॅरिसकडचे धर्मपंडित आबेलार यांनी म्हटलं, तिथे दिसतं ते प्रेम, आणि ते बघून आपलं मन वळतं. सोळाव्या शतकातल्या आमच्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी तेच न्यायालयाच्या भाषेत सांगितलं, शिक्षा आणि सुटका. गेल्या शतकात दोन महायुद्धांनंतर लोकांना अगदी वेगळंच दिसलं: भोगणाऱ्याच्या शेजारी देव स्वतः टांगलेला आहे.

यातलं कुठलं खरं ते ठरवायला मी बसलेली नाही. पण तुमच्या मनात जे चित्र आहे, वर बसलेला देव आणि खाली कण्हणारा माणूस, ते यातल्या एकाही मांडणीत नाही. ख्रिस्ती श्रद्धा असं म्हणतच नाही की देवाने दुसऱ्या कुणाला तरी तळमळायला लावून समाधान करून घेतलं. क्रूसावर आहे तो देवच, असं ती म्हणते. देव इथे प्रेक्षक नाही. अ‍ॅन्सेल्म यांनाही वेदनेच्या मापाशी देणंघेणं नव्हतं. कुणी जबरदस्ती न करता दिलेला जीव, ही त्यांच्या लेखी किंमत होती. आणि मध्ययुगातले मोठे कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांच्या नावावर असलेलं, मिस्सेतल्या पवित्र भाकरीबद्दलचं एक जुनं लॅटिन स्तोत्र आहे, त्यात म्हटलंय की त्याच्या रक्ताचा एक थेंब सगळं जग तारायला पुरेसा होता. एक थेंब! म्हणजे जास्त दुखलं तर जास्त पुण्य, हा तराजू त्यांच्याकडेही नव्हता. भावाला 'पुण्य कमवणं' म्हणजे काय वाटतं कोण जाणे. मला त्यात बँकेतल्या रिकरिंगचा वास येतो.

आईकडे बहुधा प्रेषित पौलाचं एक वचनही असेल, बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं: ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं आहे ते मी माझ्या देहात भरून काढतो. प्रार्थनेच्या गटांतून ते बरंच फिरतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखसहनावर एक मोठं पत्र लिहिलं, त्याची सुरुवात याच वचनाने आहे. तीन वर्षांपूर्वी, मे १९८१ मध्ये, त्यांना गोळ्या लागल्या होत्या, तेव्हा ते कोरड्या काठावरून बोलत नव्हते. ते म्हणतात, ख्रिस्ताच्या अर्पणात उणीव काहीच नाही, पण प्रेमाने त्यात सामील व्हायला जागा मोकळी ठेवलेली आहे. आईचा विश्वास इथून येतो आणि तो पोकळ नाही. पण त्या पत्राचा शेवटचा मोठा भाग कशावर आहे माहीत आहे? चांगल्या शोमरोनी माणसावर. वाटेत अर्धमेला करून टाकलेल्याच्या जखमांवर जो तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्टी बांधतो आणि धर्मशाळेत नेऊन वर पैसे देतो, त्याच्यावर. आपल्या दुःखाने भलं करावं आणि दुःखी माणसाचंही भलं करावं, या दोन्ही गोष्टी ख्रिस्ताने शिकवल्या असं ते सांगतात. तुमच्या घरात पहिली गोष्ट आई करतेय. दुसरी तुम्ही करू बघताय आणि तुम्हाला अडवलं जातंय.

कॅथलिक ख्रिस्तसभेने या नेमक्या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. फेब्रुवारी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना विचारलं होतं, वेदना थांबवणाऱ्या औषधाने शुद्ध कमी होत असेल, आयुष्य थोडं घटत असेल, तरी ते देता येईल का? दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाची धार्मिक व इतर कर्तव्यं पार पडत असतील तर हो, असं त्यांनी सांगितलं. मे १९८० मध्ये व्हॅटिकनने काढलेल्या जाहीरनाम्यात आईसारख्यांचा उल्लेखच आहे: काही ख्रिस्ती लोक येशूच्या क्लेशांत सहभागी व्हावं म्हणून वेदनाशामकं बेतानेच घेतात, त्यांच्या या इच्छेचा मान ठेवावा. पण हा वीरपणा सर्वांसाठी नियम म्हणून लादणं शहाणपणाचं नाही, असंही लगेच पुढे आहे. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २२७९ वेदनाशामकांना संमती देतो आणि उपशामक उपचारांना, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांना, निरपेक्ष प्रेमाचं रूप म्हणतो. हे तुम्ही आईच्या तोंडावर फेकावं म्हणून सांगत नाहीये. फादरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून.

एक शंका मला पहिल्यापासून आहे. आई गोळी नाकारते ती फक्त येशूसाठी का? माझ्या अनुभवात 'अर्पण' या शब्दामागे तीन-चार वेगळ्या गोष्टी दडून बसलेल्या असतात. मॉर्फिन म्हणजे आता संपलं, ही भीती. सवय लागेल, लोक काय म्हणतील, ही लाज. गुंगीत जपमाळ चुकेल, मरताना नाव घेता येणार नाही, ही सगळ्यात मोठी. आणि चौथी तर आपल्याकडे धर्म विचारत नाही: बाईमाणसाने सोसायचं असतं. बाळंतपण सोसलं, सासू सोसली, नवऱ्याची दारू सोसली, आता हाडं. हिंदू घरात त्याला नशीब म्हणतात, भोग म्हणतात, आपल्याकडे क्रूस म्हणतात. शब्द बदलला तरी सोसणारी तीच. यातलं किती येशूचं आणि किती आजीकडून आलेलं, हे आईला स्वतःलाही ठाऊक नसेल.

म्हणून वाद घालू नका, विचारा. सकाळी अंग पुसून झाल्यावर, दुखणं त्यातल्या त्यात कमी असतं तेव्हा. 'गोळी का घेत नाहीस' असं विचारलंत तर येशूच मिळेल उत्तरात. 'गोळी घेतली तर काय होईल असं वाटतं तुला?' असं विचारा, आणि मग गप्प बसा. बराच वेळ गप्प बसावं लागेल. 'झोप लागेल आणि जाग येणार नाही' असं काहीतरी निघालं, तर ती भीती डॉक्टरांपुढे ठेवण्यासारखी आहे. थोड्या डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनने माणूस मरत नाही. पहिले दोन-चार दिवस झापड येते, मळमळतं, मग ते बहुतेकांचं ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. ते लिहून दिलंय का ते बघा, बऱ्याचदा राहून जातं. दुखण्यासाठी नेमून दिलेलं औषध घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीती या टप्प्यावर बाळगायचं कारण नाही.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. हाडातल्या दुखण्यावर रेडिएशन चालेल का? हाडात उतरलेल्या कर्करोगावर पुष्कळदा एकाच बैठकीचं रेडिएशन देतात, आठवडा-दोन आठवड्यांत बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं, आणि त्याने गुंगी येत नाही. 'शुद्धीत राहायचंय' म्हणणाऱ्या बाईला हे गोळीपेक्षा सोपं जाईल. दुसरं, तिला तीन दिवसांची परीक्षा करून बघता येईल का? तीन दिवस कमीत कमी डोसवर, ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून. चौथ्या दिवशी तिने सांगायचं, प्रार्थना जमली की नाही. नाही जमली तर बंद करायची की डोस बदलायचा, ते डॉक्टर ठरवतील. मला वाटतं, तिला उलटाच अनुभव येईल. दुखत असताना माणूस येशूचा विचार करत नाही हो, मांडीचा करतो.

शक्य असेल तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे याच उपशामक उपचारांच्या, माणसांना गाठा. टाटा मेमोरियलमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेलं शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं ठिकाण. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याचे नियम २०१४च्या दुरुस्तीने सैल झाले तरी ते ठरावीक ठिकाणीच मिळतं, तेव्हा गोळ्या संपत आल्यावर धावपळ नको. आणि आईला एका बाईची गोष्ट सांगा. सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. श्रद्धा पक्की. १९६७ साली लंडनमध्ये तिने सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं, आणि दुखायला लागल्यावर नव्हे तर दुखायच्या आधी, घड्याळाप्रमाणे मॉर्फिन द्यायची रीत तिथून जगभर गेली. दुखणं अंगाचं असतं तसंच मनाचं, घरच्यांचं, देवाशी असलेल्या नात्याचंही असतं, हे तिचं म्हणणं. येशूची सेवा म्हणून ती लोकांच्या वेदना काढून घेत होती.

फादरांना घरी बोलवा, पण त्याआधी स्वतः भेटून या. नुसतं 'आईला समजवा' म्हणू नका. प्रश्न नेमका ठेवा: गोळी घेतली तर तिचं अर्पण मोडतं का, एवढंच तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. आजाऱ्यांचा अभ्यंगही, म्हणजे तेल लावून प्रार्थना करायचा संस्कारही, मागा. तो मरणाच्या उंबरठ्यावरच घ्यायचा असतो असं जुन्या माणसांना वाटतं, म्हणून आई दचकेल. १९७२च्या नव्या विधीपासून तो गंभीर आजारी असलेल्या कुणालाही घेता येतो, पुन्हाही घेता येतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात वडीलजनांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. त्या काळी तेल हेही औषधच होतं.

आणि इतकं करूनही ती नाही म्हणाली तर? तर नाही. ती शुद्धीवर आहे, तिला कळतंय, तिचं शरीर आहे. निम्म्या डोसवर ती तयार होते का बघा. अंगाखाली पाण्याची गादी, कूस बदलण्याआधी अर्धा तास साधं पॅरासिटामॉल, दोन गुडघ्यांमध्ये उशी. आणि दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा, न चिडता, विचारायचं. नकार एकदा दिला म्हणजे जन्माचा झाला असं नसतं. तिच्या वेदनेला अर्थ नाही, हे मात्र तिला कधीही म्हणू नका. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्य थोमाला दाखवलेल्या देहावर जखमा तशाच होत्या. त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. तिचं म्हणणं तिथे धरून आहे. फक्त एवढं तिच्या कानावर घाला, की गोळीने दुखणं कमी होईल, क्रूस जाणार नाही. अंथरूण राहील, लेकीच्या हातून शौच करून घेणं राहील, कुवेतचा मुलगा नजरेसमोर नसणं राहील, तुम्हा सगळ्यांना सोडून जाणं राहील. अर्पण करायला तिच्याकडे पुष्कळ उरतं.

तुमचं काय? तुम्ही मिस्सेला जाऊ शकत नाही म्हणता. काही दिवस नका जाऊ. रागावून विचारलेला प्रश्नही प्रार्थनेतच मोजतात, नाहीतर बाविसावं स्तोत्र बायबलमध्ये राहिलं नसतं. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी आईजवळ बसून क्रूसाच्या वाटेतली दोनच स्थानं वाचा, पाचवं आणि सहावं. पाचव्यात कुरेनेचा शिमोन. शेतावरून येणारा परका माणूस, त्याला धरून येशूचा क्रूस उचलायला लावतात. येशू त्याला नको म्हणत नाही. हे ओझं माझं आहे, मलाच वाहू दे, असं म्हणत नाही. सहाव्यात वेरोनिका, शुभवर्तमानात नसलेली, लोकांनी आठवणीने घातलेली. तिला क्रूस उचलता येत नाही, शिपायांना थांबवता येत नाही. ती तोंड पुसते. आईला विचारा, त्याने शिमोनाची मदत का घेतली असेल?

ज्यांच्या घरी असा आजार नाही पण भेटायला जायचं असतं, त्यांनाही थोडं सांगते. 'देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच दुःख देतो' हे वाक्य आजाऱ्याच्या उशाशी बोलू नका. ऐकणाऱ्याला ते प्रेम परत करावंसं वाटतं. आणि कुणी बाई नवरा मारतो म्हणून सांगत आली तर तिला 'तुझा क्रूस आहे, वाहा' म्हणणं हे पाप आहे, असं मी अगदी स्पष्ट म्हणेन. तिथे २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

राहिला भाऊ. त्याच्याशी फोनवर क्रूसाचा वाद घालून तुम्ही जिंकणार नाही. ज्याला रात्री दोनचं ते बोळ्यातलं कण्हणं ऐकू येत नाही, त्याला पुण्याबद्दल बोलणं सोपं जातं. कदाचित तो लांब असल्याचं त्याला खात असेल आणि आई संत होतेय असं मानलं की ते जरा हलकं होत असेल. फादर येणार असतील त्या दिवशी कुवेतची वेळ बघून त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. फोन उशीवर टेकवून ठेवा. फादर काय म्हणतात आणि आई काय उत्तर देते, ते त्याने तिच्याच तोंडून ऐकू दे. आणि मध्येच कूस बदलायची वेळ आली, तर कॉल बंद करू नका.